वडप्याचा हुकूम

न्हाय साहेब, बंद करायचं असतं तर मी कधीच केलं असतं, तुम्हाला अंधेरीहून इतक्या उन्हात यायला लावलं नसतं — बसा ना, ती न्हाय, तिचा पाय मोडलाय, ही घ्या — मी काय बोलत होते, हां, फाइल नुसती पाठवायची आणि कमांड पाठवायची न्हाय, हे तुम्ही बोलता ते अंधेरीच्या हेड ऑफिसात बसून ठीक हाय, इथं कसं चालणार? आता बघा. नवा दर आला, मी इथं फाइलीत बदलला, की फाइल आपली आपण बाकीच्या गोडाऊनांत, कोनला जाते, खारबावला जाते, माणकोलीला जाते. बरोबर? पण नुसती जाऊन काय उपयोग? तिकडचं मशीन जुनीच उघडून बसलेलं असतं. त्याला कोणीतरी सांगायला नको — बाबा, जुनी मीट, नवी उघड? ती सांगणारी ओळ मी फाइलीमागं लिहून ठेवते. फाइल पोचली की तिकडचं मशीन ती ओळ वाचतं आणि सांगितलं तसं करतं. एवढंच तर हाय. त्याला तुम्ही भोक म्हणताय.

आणि दुसरं कोण करणार तिकडं? खारबावला चिंधूकाका हायत, वजनकाट्यावर आयुष्य गेलं त्यांचं, माणूस देवासारखा, पण माऊसला हात लावायचा तर आधी हात धुऊन येतात. दसऱ्याला त्यांनी मशीनची पूजा केली. केली तर केली, वर नारळ फोडला आणि सगळं पाणी कीबोर्डात! मी इथून फोनवर ओरडतेय, काका पुसा, काका उलटं करा, आणि काका बोलतात, "अगो, परसाद हाय तो." अशा माणसाला तुम्ही सांगणार — फाइल आली की कमांड तुम्ही द्या? तुम्ही कमांड बोलता, ते त्याला वडप्याचा हुकूम बोलतात, इथून वडप्याहून जातो म्हणून. "निशा, वडप्याचा हुकूम आला गो, पडदा आपोआप हलला." हसा, हसा, मी पण हसते. पण काम होतं ना?

पासवर्ड? पासवर्ड टाकायचा कोणी? सकाळी शटर वर जायच्या आधी इथलं मशीन बाकीच्या मशीनांना उठवतं, तेव्हा तिकडं कुत्रं पण नसतं. म्हणून तर तुमच्याच माणसानं — तुमच्या आधीचे ते, चष्मेवाले — त्यांनीच चावी बनवून दिली. चावी वडप्याच्या मशीनकडं, आणि बाकी सगळ्यांच्या दाराला तेच कुलूप. बोलणारं वडप्याचं हाय ना, मग उघड. कोण बसलंय, काय मागतंय, कशाला मागतंय, काही विचारायचं न्हाय. सुनेसारखं. घराचं नाव घेऊन कोणी हाक मारली की उठायचं आणि पाणी द्यायचं. — जाऊ द्या, ते मी असंच बोलले.

मी जरा मोठ्यानं बोलते, राग मानू नका. सवय हाय. हे पार्टिशन प्लायचं, वरून उघडं, आणि पलीकडं आमचे भाऊजी बसतात — थोरले दीर माझे, भाविकशेठ, आत येताना तुम्ही ज्यांना नमस्कार केलात ते. लेबरचा ठेका त्यांचाच. इथला एक हमाल, एक टेम्पो त्यांना विचारल्याशिवाय हलत न्हाय. हळू बोललं की त्यांना वाटतं काय चाललंय. म्हणून मोठ्यानं. — भाऊजी, साहेबांसाठी चहा सांगितलाय हां, तुमच्यासाठी पण सांगू? — न्हाय बोलतात. बघा, ऐकू येतं.

मला इथं कशी घेतली? तुम्हाला माहीत न्हाय? अहो, इथं सगळीकडं तसंच हाय, हायवेपासून आत खाडीपर्यंत. शेतकऱ्यानं गोडाऊनला जमीन दिली की भाड्याबरोबर दोन गोष्टी मागायच्या, लेबरचा ठेका आणि घरातल्या एकाला नोकरी. तुम्ही बसलाय ना, इथं आमच्या सासऱ्यांचा भात व्हायचा. चांगदेव पाटलाचं शेत म्हणून अजून रिक्षावाले ओळखतात. ठेका भाऊजींनी घेतला. आमचे हे ट्रेलरवर, उरणला बंदरावर जातात ते जातातच, महिना-महिना तोंड दिसत न्हाय. मग नोकरी उरली. आणि मी भिवंडीला कंप्युटरचा कोर्स केला होता, लग्नाच्या आधी, आईनं कानातलं मोडून फी भरली होती. सासरे बोलले, करू दे, आपल्याच जागेत तर हाय, नजरेसमोर. नजरेसमोर म्हंजे कसं, ते दाखवते, या खिडकीशी. ती गुलाबी गच्ची दिसते? ते आमचं घर. आणि ते वाळत घातलंय ते आगोटीचं सुकट, पावसाळ्याची बेगमी, त्याचाच वास येतोय तुम्हाला मघापासून, रुमाल धरलाय ना तुम्ही — सवय न्हाय, होतं. त्याच्या बाजूला सासूबाई बसल्यात, कावळे हाकलायला. तिथून माझी ही खुर्ची दिसते. खुर्ची रिकामी दिसली की फोन येतो. बाथरूमला गेले तरी.

म्हणून सांगते, चेष्टा नका समजू. मला जायला-यायला मिळत न्हाय. हायवेच्या पलीकडं मेडिकल हाय, तिथं पण मुलगी बरोबर घेऊन जायची. पण या खुर्चीवर बसलं ना, की मी कोनला असते. खारबावला असते. माणकोलीचा प्रिंटर हट्टी हाय, त्याला दोनदा सांगावं लागतं, ते मला माहीत, तिथल्या मॅनेजरला न्हाय. कोनचं घड्याळ मागं पडतं. माझा हुकूम सगळीकडं जातो, मी कुठं जात न्हाय. कोन किती लांब हाय हो इथून? तुम्ही तर आज तिकडून आलात. मी बघितलं न्हाय कोनचं गोडाऊन, कधीच.

कोनवरून आलात ना, म्हणून कंबर धरून बसलाय. अहो, माणसं कल्याणला जायचं असेल तरी दहादा विचार करतात, तो काय रस्ता हाय? खड्ड्यात टेम्पो गेला की वर फक्त ताडपत्री दिसते. अंधेरीला परत जाताना सरळ हायवेनं जा. कोनवरून कोण शहाणा जात न्हाय.

रमशा? — हां. कोनची ऑपरेटर. हो, बोलायचे मी तिच्याशी, कामापुरतं. मला काय माहीत साहेब, मी इथं, ती तिथं. पंख्यांचा भरलेला टेम्पो कोनच्या गेटमधून गेला, वॉचमनला पास दाखवला, पासवर शिक्का-बिक्का सगळं बरोबर, आणि नंतर कळलं की त्या पासवरचा माल आदल्याच दिवशी एकदा गेलाय — एका मालाचे दोन पास. एवढं मी पण ऐकलं. पास कोनच्या प्रिंटरवर निघाला, प्रिंटर रमशाच्या टेबलावर, म्हणून तिला घरी बसवलंय. आता तुम्ही काय लिहाल त्यावर कंपनी पोलिसात देणार, असं इथं सगळे बोलतात. मी काय बोलणार? मी काही बोलत न्हाय. — एक मिनिट. — क्या है भैया? पास? अभी साहब बैठे हैं ना, पाँच मिनट रुको, उधर छाँव में। — बघा, आला लगेच. यांना घाई असते.

गेले लाइट. बसा, बसा, हलू नका, मशीनला बॅटरी हाय. हे आमचं रोजचं, अर्धी भिवंडी याच वेळेला बंद, लूम बंद, पंखे बंद, माणसं रस्त्यावर. आता जनरेटर लावतील. या खिडकीखालीच हाय, कानठळ्या बसतात, तो चालू झाला की इथं माणसाला माणसाचं —

— आला. ऐकू येतंय का मी? जरा पुढं सरका. अजून. हां. हा चालू असला की पलीकडं शब्द जात न्हाय. म्हणून मला जनरेटर आवडतो. खरंच सांगते, सगळे शिव्या देतात, मी वाट बघते. रमशाला मी याच वेळेला फोन करायचे. ती काऊंटरवर एकटी मुलगी, समोर ड्रायव्हरांची गर्दी, उन्हानं पेटलेली माणसं, आणि तिचा प्रिंटर कागद खातो. अर्धा पास बाहेर, अर्धा आत. ड्रायव्हर काऊंटरवर चढायचे अक्षरशः. मग तिचा मिस्ड कॉल — "निशाताई, अडकलाय गं, पुन्हा काढ ना." म्हणून मी एक फाइल बनवली होती. त्यात पासचा नंबर टाकायचा आणि सेव्ह करायची, बस. फाइल कोनला पोचली की मागची ओळ चालते, तोच पास पुन्हा निघतो, आजच्या तारखेचा. तिला उठावं लागत न्हाय, प्रिंटरची मागची झडप उघडायला त्या माणसांमधून जावं लागत न्हाय. आमची दोघींची सोय हो. चोरीसाठी न्हाय बनवली मी ती, आणि त्या दिवशी तर मी इथं नव्हतेच, मी तर भाकऱ्या —

काय बोलले मी?

न्हाय, तसं न्हाय. तुम्ही तसं बघू नका. पेन ठेवा खाली. आधी पेन ठेवा, मग बोलते.

आमच्या भावकीत हळद होती. हळद म्हंजे आमच्याकडं अख्खं गाव जेवतं, आणि भाकऱ्या भावकीतल्या सुनांनी थापायच्या, ते चुकत न्हाय, बाळंतीण सोडून कोणाला सूट न्हाय. सासूबाईंचा फोन आला, "तो कंप्युटर काय पलून न्हाय चालला, भाकऱ्या थापाला ये." गेले. मशीन चालूच असतं, पासवर्ड त्याला न्हाय, का न्हाय ते मघाशी मीच तुम्हाला शहाणपणानं सांगितलं. दिवसभर परातीपुढं बसले. पाठीचे तुकडे पडले. संध्याकाळी परत आले तर खुर्ची वर केलेली. माझी उंची किती, बघताय ना, मी खुर्ची खाली ठेवते, पाय टेकायला पाहिजेत. आणि माझ्या त्या फाइलीत नंबर होता. आदल्या दिवशीच्या पंख्यांच्या पासचा. रमशानं त्या दिवशी मला फोनच केला नव्हता.

कोण काय, साहेब? पार्टिशनच्या पलीकडं बघा. न्हाय — बघू नका! मान वळवू नका, मॉनिटरकडं बघत राहा, मी तुम्हाला काहीतरी समजावतेय असं.

आणि शिकवलं कोणी त्यांना? मीच. अहो, आमच्या घरात कोणी विचारत न्हाय मी इथं काय करते. भाजीत मीठ कमी पडलं तर विचारतात. एकदा भाऊजी मागं येऊन उभे राहिले आणि बोलले, "काय गो, काय करतेस तरी काय दिवसभर?" एवढं बरं वाटलं मला. बघा भाऊजी, बोलले, हा आकडा इथं बदलला ना, की तिकडं कोनला कागद निघतो. ते बोलले, "वा! आमची निशा तर मोठी साहेब झाली." घरी जाऊन मी मुलीला सांगितलं, काका मला साहेब बोलले.

चूप बसले मी, हो. रमशाला घरी बसवली त्या दिवसापासून चूप हाय. भिते म्हणून? भिते, भिणार न्हाय तर काय. त्याच घरात जेवते, त्याच घरात झोपते, माझी मुलगी त्यांच्याच स्कूटरवर मागं बसून शाळेत जाते. यांना फोनवर सांगितलं, अर्धं सांगितलं, तर हे बोलतात, "दादा सांगेल तसं कर, मला उरणला डोक्याला ताप नको." पण खरं सांगू? नुसती भीती न्हाय. ही खुर्ची जाईल म्हणून चूप बसले. आता तुमच्यापुढं तोंडातून गेलंच हाय तर जाऊ दे. तिकडं त्या मुलीला चोर ठरवतायत आणि मी इथं खुर्ची धरून बसलेय.

ती मिस्ड कॉल देते अजून. मी उचलत न्हाय. काय बोलू तिला? दोन वर्षं बोलतोय आम्ही, आणि मी तिला बघितलेलं न्हाय. कोकणी मुसलमान ती, मराठी माझ्यापेक्षा गोड बोलते, बापाचे लूम होते ते भंगारात गेले, घर तीच ओढते. कोनच्या दारात बदामाचं झाड हाय, गेटचा पत्रा निळा हाय, समोर वडापाववाला भांडकुदळ हाय — हे सगळं मला तिनं सांगितलं. ईदला बोलली, ताई, शीरखुर्मा पाठवायचा तर कसा पाठवू, तुझ्या कंप्युटरातून जाईल काय? ती चोर? अहो, जास्तीचा एक कोरा कागद निघाला तर ती फोन करून सांगायची.

आणि आता पुढचं ऐका. भाऊजी परवा बोलले, कोनला सध्या नको, तिकडं गवगवा झालाय. आता खारबाव. आणि या वेळेला तूच कर निशा, माझी बोटं जाड, चुकेल काहीतरी. मी हो बोलले न्हाय. न्हाय पण बोलले न्हाय. मान खाली घातली, आमच्यात त्याला हो समजतात. खारबाव म्हंजे चिंधूकाका. त्यांना तर कळणार पण न्हाय कशासाठी पकडलं. बोलतील, वडप्याचा हुकूम आला होता, मी काय करू. आणि कोणाला खरं वाटणार?

न्हाय, पासवर्डनं काही होत न्हाय, आता तरी पटतंय का? पासवर्ड माझ्या डोक्यात ठेवाल, आणि माझं डोकं त्यांच्या घरात हाय. "टाक गो" बोलले की टाकायचा. ठरावीकच कमांड चालतील अशी यादी? करता येते, मला माहीत हाय, मी वाचलंय, पुस्तक हाय माझ्याकडं, तांदळाच्या पिंपामागं ठेवते. पण ती यादी बदलणार कोण? या खुर्चीवरचं माणूस. मशीननं लिहून ठेवायचं कोणी काय केलं ते? ते लिहितंच हाय. निशा, निशा, निशा. खुर्ची माझी, नाव माझं. तुम्ही बाहेरच्या चोरासाठी कुलपं सांगताय साहेब, चांगली हायत कुलपं, मी कुठं न्हाय बोलते? पण चोर घरातला असला आणि चावीवालीला तोच जेवायला वाढत असला, तर कुलूप काय करणार?

तक्रार? कोणाची? भाऊजींची? तुम्ही लिहाल आणि संध्याकाळी गाडीत बसून जाल. उद्या हायवेवर तुमचे सगळे ट्रक उभे राहतील, एक हमाल गाडीला हात लावणार न्हाय, आणि परवा तुमचेच मोठे साहेब भाऊजींच्या गळ्यात हार घालायला येतील, मी बघितलंय ते, याच अंगणात. मग मी कुठं जायचं? माहेरी? आईनं कानातलं मोडलंय, आता मोडायला काही उरलं न्हाय तिच्याकडं.

म्हणून सांगते. बंद करा.

हो, मीच सांगते. मघाशी अर्धा तास भांडले ते पार्टिशनसाठी भांडले — थोडं माझ्यासाठी पण. फाइली जात राहू द्या, हुकूम बंद करा. आत्ता, मी बघत असताना, नुसतं इथून न्हाय, सगळीकडून. कोनच्या मशीननं वडप्याचं नाव ऐकून उठायचं न्हाय. पास पुन्हा काढायचा तर तिथल्या माणसानं तिथं उठून, तिथं हात लावून काढायचा. कोणी मला कितीही सांगितलं, माझा हात धरून कीबोर्डवर ठेवला, तरी माझ्याच्यानं व्हायला नको. समजतंय? मला न्हाय बोलता येत न्हाय घरात. मशीनला येऊ दे.

आणि रमशाचं — तुम्ही मोठे इंजिनियर, तुमच्या शब्दाला किंमत हाय. सांगा, मशीनचा दोष. फाइल गेली, ओळ चालली, पास आपोआप दुसऱ्यांदा निघाला, भोक होतं, बुजवलं. त्यात खोटं किती हाय? भोक तर होतंच, तुम्ही स्वतः बोललात दारातून आत आल्या आल्या. दोष मशीनवर घाला. मशीनला कुठं सासर हाय?

माझं काय? माझं तुम्ही विचारू नका. हुकूम बंद झाले की प्रत्येक गोडाऊनला हिंडणारा माणूस लागणार, मोटारसायकलवाला. या खुर्चीवर काय काम उरलं? कंपनी ठेवेल दोन-चार महिने, जमिनीची नोकरी म्हणून, मग भाऊजी बोलतील, बसून काय करतेस, माझ्या लेबरची हजेरी लिही, आणि सासूबाई बोलतील, हजेरी तर मुनीम पण लिहितो. पुढच्या आगोटीला तुम्ही या खिडकीतून बघाल तर त्या गच्चीवर मी असेन, सुकटावरचे कावळे हाकलत. नको, तसं तोंड करू नका. मला रडू येईल आणि जनरेटर काही दिवसभर चालत न्हाय. मला वाईट वाटतंय, साहेब. खूप वाईट वाटतंय. एवढीच एक गोष्ट माझी होती.

करताय ना? — हां. तो. त्याच्या खालचा. आता तो कोनचा, मग माणकोलीचा, मग खारबावचा — हळू हो, त्याला दोनदा सांगावं लागतं, न्हाय, तो माणकोलीचा, मला पण समजेना झालंय. थांबा. कोनचं शेवटी करा. एक मिनिट द्या मला. — द्या, मी करते. माझ्या हातानं होऊ दे.

झालं.

आता ऐका, लाइट कधीही येतील. जनरेटर थांबला की मी ओरडणार हाय, घाबरू नका. तुम्ही पण ओरडा, हेड ऑफिसची ऑर्डर हाय, बाई मध्ये बोलू नका, असं काहीतरी. उगाच नरम बोललात तर त्यांना वाटेल मी सांगितलं. आणि जाताना हायवेनं जाऊ नका. कोनला उतरा. मॅनेजरला सांगा आणि मग रमशाच्या घरी जा, तिथून लांब न्हाय, वडापाववाल्याला विचारलं की तो सांगेल. तिला सांगा, मशीनचा दोष होता. एवढंच सांगा. आणि सांगा की निशाताई फोन उचलत न्हाय ते रागानं न्हाय, आणि सांगा, प्रिंटरची मागची झडप आता तुलाच उघडावी लागेल, डाव्या बाजूनं, जरा वर दाबून, आणि ड्रायव्हर ओरडले तर ओरडू दे, त्यांना —

— न्हाय, हे बरोबर न्हाय साहेब! मी मघापासून काय सांगतेय, काम कसं होणार? चिंधूकाकांनी काय करायचं? हेड ऑफिस, हेड ऑफिस! तुम्हाला बटण दाबायला काय जातं, पोट तर माझं हाय ना! — भाऊजी! भाऊजी, बघा हो, बंद केलं यांनी सगळं. न्हाय, परत न्हाय चालू होत, चावीच काढून घेतली. इथून काहीच होणार न्हाय आता, कोनचं न्हाय, खारबावचं न्हाय, कुठलंच न्हाय. मी सांगितलं हो त्यांना, भांडले, ऐकलंत ना तुम्ही, ऐकतच न्हायत! — न्हाय, रडत न्हाय मी. रडत न्हाय भाऊजी. धूळ हाय.

तुम्ही निघा साहेब. चहा राहू द्या, गार झाला. आणि परत जाताना हायवेनं नका जाऊ, ट्रॅफिक असतं — कोनवरून जा. रस्ता चांगला हाय.